सागवानी बंदूक

हाशिमचाचांचं सगळं सामान दोन बॅगांत मावलं. राहिली ती फक्त बंदूक.

बहरीनमध्ये, गुदैबियातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती कपाटामागे उभी असायची. आवराआवर करताना मुलाने, नुमानने, कपाट पुढे ओढलं आणि बंदूक बाहेर काढून पलंगावर ठेवली. एकाच सागवानी फळीतून कोरलेली. नळी लाकडाची, चाप लाकडाचा आणि खांद्याला लावायचा दस्ता हात लागून लागून काळा, तेलकट झालेला. लांबून पाहणारा दचकला असता. जवळ येऊन हात लावला की कळायचं, हिच्यातून कधी गोळी सुटलेली नाही आणि कधी सुटणारही नाही.

"अब्बा, ही विमानात नेऊ देणार नाहीत," नुमान म्हणाला.

"लाकडाची आहे रे."

"ते तुम्हाला माहीत. मशीनमध्ये बघणाऱ्याला बंदूकच दिसणार."

नुमान सीफमध्ये एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता. त्याचं बोलणं नेहमी असं बेताचं आणि बरोबर असायचं, आणि त्यामुळेच चाचांना त्याच्याशी वाद घालता येत नसे. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच गल्लीच्या तोंडावरच्या कार्गोवाल्याकडे गेले. तिथला मल्याळी पोऱ्या त्यांना ओळखत होता. मोबाइलवरचा फोटो त्याने दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"चाचा, कपडा भेजो, टीव्ही भेजो, फ्रिज भेजो. बंदूक मफी, नहीं जायेगा."

"लकडी का है."

"लकडी का बंदूक भी मफी."

चाचा कायमचे गावी निघाले होते. दाभोळच्या खाडीकाठी घर होतं, घरात त्यांची थोरली बहीण खदिजाआपा एकटी होती. चाचांची बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली होती. इथे मुलगा, सून, नात सगळे प्रेमाने वागवत, पण दिवसभर फ्लॅटमध्ये एसीचा आवाज ऐकत बसायचं आणि संध्याकाळी खाली उतरून त्याच गल्लीला फेरी मारायची, याचा त्यांना कंटाळा आला होता. जायचं त्यांनीच ठरवलं होतं. आणि जायचं तर बंदूक घेऊन जायचं, हेही ठरलेलं होतं. ते मात्र त्यांच्या वडिलांनी ठरवलं होतं.

आपाचा रोज फोन येई. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं. "ती घेतलीस ना?"

"घेतो."

"घेतो नको म्हणू, घेतली म्हण. इथे जेट्टीवर बसणारे विचारतात मला. जमालुद्दीनचा पोर येतोय म्हणे, तोफ घेऊन. असे दात काढतात."

"दात आहेत अजून त्यांना?"

"कवळ्या आहेत," आपा म्हणाली.

चाचांचे वडील जमालुद्दीन. खाडीकाठचा सुतार, होड्या बांधणाऱ्यांच्या घरातला. विशी ओलांडली तेव्हा मुंबईहून बोटीने बहरीनला आला. मोती काढणाऱ्यांचे दिवस तेव्हा बसत चालले होते, तेलाचे दिवस वर येत होते. पण होड्या दोघांनाही लागत. जमालुद्दीनच्या हाताला काम मिळालं. वाकसाने तासलेली त्याची फळी इतकी सारखी यायची, की अरब नाखवा तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. काही न बोलणं हीच तिथली शाबासकी होती.

मग दुसरी जागतिक लढाई लागली. तेलाच्या कारखान्यावर, जेट्टीवर पहारा हवा म्हणून इंग्रजांनी गावातली माणसं गोळा करायला सुरुवात केली. पगारी शिपाई पुरेनात, म्हणून दिवसा आपलं काम करायचं आणि संध्याकाळी कवायत, रात्री पाळीने पहारा, अशी एक टोळी उभी केली. तीत आचारी होते, एक कारकून होता, धंदा बसलेले दोन पाणबुडे होते, आणि जमालुद्दीन होता. खाकी शर्ट वाटले गेले. पँटी मागच्या बोटीने येणार होत्या. त्या यायला इतका उशीर झाला, की निम्मी टोळी वर खाकी आणि खाली लुंगी अशीच कवायतीला उभी राहायची. साहेबाने पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि म्हणे बराच वेळ समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

बंदुका तर त्याहून उशिरा यायच्या होत्या. साहेबाने नमुन्यादाखल एक खरी रायफल सुताराच्या हातात दिली आणि सांगितलं, तोवर फळ्या कापून अशा आकाराच्या कर. नुसता आकार हवा, हात वर, हात खाली शिकवायला.

जमालुद्दीनला नुसता आकार करता येईना. वल्हं असो की कुऱ्हाडीचा दांडा, तो धरणाऱ्याच्या हाताचं माप घेतल्याशिवाय त्याने कधी काही केलंच नव्हतं. त्याने टोळीतल्या एकेकाला बोलावलं, त्याचा हात कोपरात मोडायला लावला, आणि कोपराच्या वळीपासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत सुतळी ताणून गाठ मारली. प्रत्येकाच्या नावाची एक सुतळी. ज्याची जशी गाठ, तसा त्याच्या बंदुकीचा दस्ता.

"हा शिंपी आहे, सुतार नाही," आचारी म्हणाला. "उद्या बटणं लावील."

पण बंदुका हातात आल्या तेव्हा चेष्टा थांबली. खांद्याला लावली की बोट आपोआप चापावर येई. साहेबाने एकेक उचलून पाहिली. त्याच्या स्वतःच्या खांद्याला त्यातली एकही बसली नाही.

खऱ्या रायफली पुढे आल्या, पण थोड्या. त्या कारखान्याच्या मोठ्या फाटकावरच्यांना मिळाल्या. जेट्टीवरच्या पहाऱ्याला लाकडीच राहिल्या. मग इटलीची विमानं एकदा रात्री येऊन बॉम्ब टाकून गेली. बॉम्ब वाळूत पडले, फारसं काही झालं नाही. पण त्या आवाजाने जेट्टीवरचे सगळे पालथे पडले होते. जमालुद्दीन मात्र बंदूक खांद्याला लावून उभाच होता. सकाळी आचाऱ्याने विचारलं, लाकडाच्या बंदुकीने विमान पाडणार होतास काय? जमालुद्दीन म्हणाला, "खरी असती तरी तिथवर कुठे पोचणार होती?"

लढाई संपली. शर्ट परत घेतले, बूट परत घेतले. लाकडी बंदुका कुणी मागितल्याच नाहीत, कारण त्या कुठल्या खात्यावर नव्हत्याच. जमालुद्दीनही नव्हता. तो सुतार म्हणून पगार घेत होता, शिपाई म्हणून त्याचं नाव कुठे चढलंच नाही. पेन्शन नाही, पदक नाही. गावी मात्र ब्रह्मदेशात, मिसरात जाऊन आलेले खरे शिपाई होते. सुट्टीत जमालुद्दीन गेला की ते त्याला जेट्टीवर बोलावून घेत. म्हणत, ये रे लाकडी शिपाई, सांग तुझी लढाई. तो हसून कडेला बसायचा.

हाशिमचाचा अठराव्या वर्षी बापाच्या हाताखाली बहरीनला आले. चार-पाच वर्षांनी बाप थकला आणि घरी निघाला. तेव्हा त्याने बंदूक पोराच्या हातात दिली. "ही इथेच राहू दे. आत्ता नेली तर हसतील. तू कायमचा येशील तेव्हा आण. तोवर हसणारे मेलेले असतील."

हसणारे मेले, हे खरं. पण त्यांची पोरं हसायला शिकली होती.

चाचांच्या मनात एवढंच होतं. घराच्या पडवीत, आल्यागेल्याला दिसेल अशी ती भिंतीला लावायची. कुणी विचारलं तर सांगायचं, माझ्या बापाची. तो पहाऱ्यावर होता.

*

"कापली तर जाईल," नुमान म्हणाला. "दोन तुकडे करा. लाकूड म्हणून बॅगेत जातील. तिकडे कुणाकडून जोडून घ्या."

दोन दिवस बंदूक पुन्हा कपाटामागे उभी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी नातीला सांगितलं, "तय्यबा, मला तुबलीला सोड."

तय्यबा कॉलेजात होती. तिला मराठी सगळी कळायची, पण उत्तर इंग्रजीत यायचं. गाडीत तिने मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली बंदूक आरशातून दोनदा पाहिली.

"दादा, डिड युअर फादर एव्हर शूट एनीवन?"

"कशाने मारणार?"

"राइट," ती म्हणाली, आणि हसू आवरून तिने गाडी वळवली.

तुबलीत खाडीजवळच्या गॅरेजांच्या रांगेत मयुरेशचं वर्कशॉप होतं. मयुरेश मालवणचा. चाचांची नजर अधू होईपर्यंत ते त्याच्याकडेच कामाला होते. आधी दोघांनी होड्या दुरुस्त केल्या, मग होड्या फायबरच्या झाल्या आणि दोघं स्वयंपाकघराची कपाटं करू लागले. आत शिरताच प्लायवुडचा आणि गोंदाचा वास आला. चाचांना तो कधीच आवडला नव्हता.

मयुरेशने चादर सोडवली, बंदूक उभी धरली आणि खालपासून वरपर्यंत पाहिली.

"चाचा, ह्या कापूक तुमचो जीव कसो होतलो?"

"होत नाही म्हणूनच मी आलो. दुसऱ्याने कापली असती तर बरं वाटलं असतं का?"

"मग मशीनवर घालतंय. दोन मिनटां. ह्या बगा, हय सरळ मारूया." त्याने चापाच्या पुढे पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. "दोन ठोकळे. कोण म्हणतलो बंदूक?"

चाचांनी ती रेघ अंगठ्याने पुसली.

"सरळ नाही. तिरका काप."

"अहो, न्हेवची आसा नुसती."

"नेऊन जोडायची पण आहे. होडीची फळी तू कधी सरळ कापून जोडलीस? पहिल्या लाटेला उघडेल."

"ही खय लाटेत जातली?"

"मी शिकलो तसं कापणार," चाचा म्हणाले. मयुरेशने हात जोडले आणि बाजूला झाला. तय्यबा एका खोक्यावर बसून मोबाइलवर हे सगळं टिपत होती.

कापायच्या आधी चाचांनी एक गोष्ट केली. बंदूक उचलून खांद्याला लावली. वडिलांनी त्यांना हे कधी करू दिलं नव्हतं. पहाऱ्याची वस्तू आहे, खेळायची नाही, एवढंच म्हणायचे. ते गेल्यावरही चाचांचा हात कधी धजला नव्हता. आज लावली तर दस्ता काखेत अडकला, आणि बोट चापाच्या बरंच अलीकडे राहिलं. वडिलांचे हात लांब होते, हे ते विसरूनच गेले होते. वल्हवताना पुढे वाकायचे ते हात, कॉलर धरून उठवायचे ते हात.

"जोडताना दस्तो बोटभर उतरवा," मयुरेश म्हणाला. "तुमच्या मापात येतली."

"नको. ती त्यांच्या हाताची आहे."

इलेक्ट्रिक करवतीला त्यांनी हात लावला नाही. ती लाकूड फार खाते. मयुरेशने कुठूनतरी जुनी बारीक दातांची हातकरवत शोधून आणली. चाचांनी लांब तिरकी रेघ आखली, चष्मा पुसला आणि पहिला ओढा घेतला. थोड्याच वेळात वास आला. आधी कोरड्या सागवानाचा, मग त्याच्या मागून होड्यांना चोपडायच्या माशाच्या तेलाचा. जमालुद्दीनने ते त्या बंदुकीत मुरवलं होतं. इतकी वर्षं तो वास लाकडात दडून होता. चाचांना मुहर्रकचा जुना किनारा आठवला, वाळूत ओळीने उलट्या पडलेल्या होड्या, त्यांच्या सावलीत जेवायला बसलेली माणसं, आणि बाप कानावर पेन्सिल खोचून भाकरी मोडतोय. त्यांनी करवत थांबवली. मग पुन्हा ओढली.

मयुरेशने चहा मागवला होता. तो थंड झाला तेव्हा बंदुकीचे दोन तुकडे झाले होते. चाचांनी रंध्याने दोन्ही काप साफ केले, एकमेकांवर ठेवले, उजेडाकडे धरले. मधून उजेड येत नव्हता.

"हात गेलो नाय तुमचो," मयुरेश म्हणाला.

घरी जाताना गाडीत चाचांनी तय्यबाला वडिलांची सगळी गोष्ट सांगितली, लुंगीपासून विमानापर्यंत. ट्रॅफिक बराच होता. तो असावा असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

*

विमानतळावर नुमानने पुन्हा बजावलं. "विचारलं तर टेबलाचे पाय म्हणा. जुनं फर्निचर. जास्त बोलू नका."

बॅगा मशीनमधून गेल्या. एक पुढे गेली. दुसरी थांबली. वर्दीतल्या एका बहरीनी माणसाने हाताने बोलावलं. चाळिशीचा, दाढी नीट कोरलेला, आवाज सौम्य. त्याने बॅग उघडायला सांगितली. वरच्या लुंग्या, मुंडाशाचं कापड, आपासाठी घेतलेला हलव्याचा डबा बाजूला सारला, आणि खालून दोन तुकडे काढले.

"हे काय?"

"टेबल," नुमान पुढे होऊन म्हणाला. "जुन्या टेबलाचे पाय आहेत."

त्या माणसाने मान हलवली. एक तुकडा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात. सहज, काही मनात न धरता, त्याने दोन्ही तिरके काप एकमेकांवर ठेवले. ते बसले. ना गोंद, ना खुंटी, पण असे बसले की सांधा दिसेना. त्याच्या हातात अख्खी बंदूक उभी राहिली. बाजूच्या रांगेतली एक बाई दोन पावलं मागे सरकली.

नुमानने डोळे मिटले. सरळ कापले असते तर ते दोन ठोकळे राहिले असते. चाचांनाही ते त्याच क्षणी कळलं, आणि काम चांगलं झाल्याचं सुखही त्याच क्षणी झालं.

"हाजी," तो माणूस म्हणाला, "कुठल्या टेबलाला चाप असतो?"

चाचा अरबीत बोलू लागले. त्यांची अरबी किनाऱ्यावरची, जुनी. आता तिथले म्हातारेही ती बोलत नाहीत. "गोळी सुटत नाही हिच्यातून. बघ. नळीला भोक नाही."

त्याने नळी डोळ्यांशी धरून पाहिली. हसू त्याच्या दाढीत शिरलं, पण त्याने ते वर येऊ दिलं नाही. तो थोडा पुढे झुकला आणि हळू बोलला. "ऐक. लाकूड असेल तर तुझ्या बॅगेत घालतो, जा खुशाल. हत्यार असेल तर मला सोडता येणार नाही. तू म्हातारा माणूस आहेस, मी तुझ्या शब्दावर जातो. लाकूड आहे की हत्यार?"

लाकडाला अरबीत खशब म्हणतात. तो शब्द चाचांनी आयुष्यभर दिवसातून शंभरदा उच्चारला असेल. खशब आण, खशब काप, खशब ओला आहे. आता तो एकदा उच्चारला की बंदूक उद्यापर्यंत पडवीत पोचणार होती. बापाला दिलेला शब्द पुरा होणार होता. नुमान बाजूने मराठीत पुटपुटला, "अब्बा, म्हणून टाका ना."

चाचांनी तोंड उघडलं. समोर वर्दी होती, आणि त्या वर्दीतल्या माणसाच्या हातात बापाची बंदूक होती. नुसतं लाकूड, असं गावच्या जेट्टीवरचे लोक म्हणत आले. तेच वर्दीला सांगायचं, आणि तेही आपल्या तोंडाने.

"हत्यार आहे," ते म्हणाले. "माझ्या बापाचं. लढाईत तो इथे तुमच्या जेट्टीवर पहाऱ्याला होता."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग सरळ उभा राहिला. मागे बसलेल्या सहकाऱ्याने काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "सिलाह." हत्यार. हे म्हणताना तो हसला नाही. त्याने सांधा सोडवला, दोन्ही तुकडे एकत्र धरले आणि दोन हातांनी नुमानला दिले, जसं एखाद्याचं मूल परत देतात. "हे घरी घेऊन जा. याला प्रवास करता येणार नाही."

नुमान तुकडे घेऊन बाजूला झाला.

तय्यबा पलीकडे उभी होती. चाचा तिच्याजवळ गेले, नुमानच्या हातातले तुकडे घेऊन तिच्या हातात दिले.

"मयुरेशकडे ने. जोडून देईल. सागवानाच्याच खुंट्या मार म्हणावं, स्क्रू नको. आणि तुझ्याकडे ठेव."

"दादा, व्हाय डिडन्ट यू जस्ट से वुड?"

"माझ्या अब्बांना ऐकू गेलं असतं," चाचा म्हणाले.

तिने तुकडे छातीशी धरले आणि दुसऱ्या हाताने त्यांना मिठी मारली. दस्त्याची कड त्यांच्या बरगडीला टोचली. त्यांनी ती टोचू दिली.

आत जाऊन बसल्यावर त्यांनी आपाला फोन लावला.

"बसलास का विमानात?"

"अजून नाही. आपा, ती नाही आणली."

"विसरलास?"

"अडवली. वर्दीवाल्याने अडवली. हत्यार आहे म्हणाला, नेता येणार नाही."

"हत्यार म्हणाला?"

"मोठ्याने म्हणाला. चार माणसांसमोर."

आपाने फोन दुसऱ्या कानाला लावल्याचं त्यांना कळलं. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येई. "पुन्हा सांग, काय म्हणाला?"

चाचांनी पुन्हा सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "मग ये तसाच हात हलवत. तू पोचायच्या आत मी जेट्टीवर जाऊन येते."

"आपा, तुझे गुडघे."

"जाते हळूहळू," आपा म्हणाली आणि फोन ठेवला.